कोजागरी ते वसुबारस

आईची अट एकच होती. "वसुबारसेला मी माझ्या घरात पाहिजे. बाकी न्याल तिथे येते."

त्यामुळे आमच्या स्वित्झर्लंडच्या बेताची सुरुवात नकाशावरून न होता कालनिर्णयाच्या ऑक्टोबरच्या पानावरून झाली. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता, कोजागरी ६ला आणि वसुबारस १७ला. दसरा घरी करून निघायचं, वसुबारसेच्या आत परत यायचं आणि मधे जे चौकोन उरतील त्यांत देश बसवायचा. सोमवारी ६ तारखेला सकाळी झुरिक, बुधवारी १५ला दुपारी परतीचं विमान. मी पेन्सिलीने कंस केला. मे महिना होता, आमरसाची वाटी अजून टेबलावर होती आणि सगळं अगदी सोपं वाटत होतं.

आम्ही तिघं जाणार होतो. मी, नवरा आणि आई. आई बहात्तर वर्षांची, निवृत्त भूगोल शिक्षिका, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आल्प्स हा वली पर्वत आहे, हे तिने तीसेक वर्षं मुलांना शिकवलं, आणि स्वतः जवळून पाहिलेला सर्वांत उंच डोंगर म्हणजे कळसूबाई, तोही पायथ्यापासून.

नवऱ्याकडे यादी तयार होती. त्याच्या ऑफिसातले एकजण सहकुटुंब जाऊन आले होते, त्यांच्याकडून घेतलेली: युंगफ्राउयोख, टिटलिस, शिल्थोर्न ही उंचावरची ठिकाणं, ग्लेशियर एक्स्प्रेस ही रेल्वे, ऱ्हाइनचा धबधबा, रोज एक. यादीत तशी काही चूक नव्हती. फक्त ती मे महिन्यातल्या सहलीची होती, आणि ऑक्टोबरातला स्वित्झर्लंड हा निराळाच देश आहे हे कळायला आम्हाला जुलै उजाडला.

कळलं ते एका शब्दामुळे. एका रोपवेच्या पानावर वेळापत्रकाखाली तारखा होत्या आणि त्यांच्यापुढे लिहिलं होतं 'रेव्हिजन'. मला वाटलं, वेळापत्रक बदललंय. चला, नवीन वेळा नंतर पाहू. मग दुसऱ्या रोपवेच्या पानावर तोच शब्द, तिसऱ्याच्याही. शेवटी भाषांतर करून पाहिलं तर रेव्हिजन म्हणजे डागडुजीसाठी बंद! उन्हाळ्याची गर्दी सरली आणि बर्फातल्या खेळांची यायची आहे, त्या मधल्या काळात तिथले रोपवे तारा, चाकं, डबे तपासायला बंद ठेवतात. कुणी आठवडाभर, कुणी थेट डिसेंबरपर्यंत. प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या. ग्लेशियर एक्स्प्रेससुद्धा ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत धावत नाही. उंच खिंडींतल्या पोस्टाच्या पिवळ्या बसेसचंही तेच, बर्फ पडायच्या आत त्यांचा हंगाम संपतो. डोंगरातल्या गावांतली बरीच हॉटेलंही याच दिवसांत दारं लावून मालकासकट सुट्टीवर जातात.

मग मी एक दोनशेपानी वही केली. डाव्या बाजूला ठिकाणाचं नाव, उजव्या बाजूला शेवटचा चालू दिवस. मंगल कार्यालयाच्या तारखा विचारत फिरतात तशी मी महिनाभर एकेक पान उघडून तारखा विचारत होते. काय बघायचं हा प्रश्न मागे पडला. काय उघडं आहे, हा पहिला.

याच काळात माझा एक हट्ट होता तो सुटला. डोंगरावरच्या कुरणांत उन्हाळा घालवून गाई खाली येतात, शिंगांना फुलं, गळ्यात परातीएवढ्या घंटा, आणि गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं. मला ते बघायचंच होतं. आईला चित्रफीत दाखवली तर म्हणाली, "म्हणजे त्यांचा पोळाच की!" पण या मिरवणुका बहुतेक सप्टेंबरात होऊन जातात. सप्टेंबरात आमच्याकडे गणपती, मग पितृपक्ष, मग घट. जमणार नव्हतंच. पोळ्याला मातीचे बैल आणतोच दरवर्षी, त्यावर समाधान मानलं.

दुसरा धडा धुक्याचा. आपल्याकडे धुकं म्हटलं की माणसं डोंगरावर जातात. तिथे शरदात उलटं होतं. थंड जड हवा खाली सखल भागात साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि झुरिक, बर्न, लुत्सर्न यांसारखी सरोवराकाठची, नदीकाठची गावं दिवसदिवस करड्या छताखाली राहतात. त्याच वेळी हजार-बाराशे मीटरच्या वर लख्ख ऊन! थंडीत पहाटे राजगडावर मुक्काम केलेल्यांना खाली ढगांचा समुद्र माहीत असतो. इथे त्या समुद्राच्या तळाशी हॉटेल घ्यायचं की काठावर, एवढाच प्रश्न. नवऱ्याच्या यादीत मुक्काम लुत्सर्नला होता.

आता खरं कोडं. धुक्याचा आणि डोंगराचा भरवसा त्या दिवशीच्या सकाळीच कळतो. म्हणजे आधीपासून अमुक दिवशी अमुक शिखर असं ठरवण्यात अर्थ नाही, तिकीट तर मुळीच काढायचं नाही. आणि व्हिसाच्या अर्जाला तर दिवसवार कार्यक्रम जोडायचा असतो! सहा तारखेला कुठे, सात तारखेला कुठे, रात्री कुठे. एकीकडे वकिलातीला हवा पक्का बेत, दुसरीकडे ऋतूला हवा सैल बेत.

दोन रात्री वहीवर डोकं घातल्यावर तोड निघाली. मुक्काम दोनच. तेही पक्के, दोन्ही उंचावर. मधले दिवस मोकळे. प्रत्येक मुक्कामावर ऊन असेल तर काय आणि नसेल तर काय, असे दोन रकाने. अर्जात उन्हाचा रकाना लिहिला.

पहिला मुक्काम एंगादीनच्या दरीत, पोंट्रेसिनाला. गाव १८०० मीटरवर. इथे यायचं कारण लार्च. हे सूचिपर्णी झाड असूनही पानगळीचं आहे. त्याच्या सुया शरदात पिवळ्या होतात, मग तांबूस, आणि गळून जातात. शेजारीच तिथले पाइन हिरवेगार उभे असतात, त्यामुळे डोंगर पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. ऐन रंग ऑक्टोबरच्या मध्याला किंवा थोडा नंतर येतो. म्हणजे आम्ही जरा घाईत होतो. पण वसुबारसेपुढे लार्चचं काय चालणार? दुसरा मुक्काम वेंगेनला, १२७४ मीटरवर. तिथे मोटारी जात नाहीत, खालच्या लाउटरब्रुनेनहून रुळांमधल्या दातेरी पट्टीवर चढणारी रेल्वेच वर नेते. शेवटची रात्र झुरिकला.

आईला नकाशा दाखवला तेव्हा तिने युंगफ्राउयोखकडे पाहिलंसुद्धा नाही. ते ३४५४ मीटरवर, युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन. तिथल्या हवेबद्दल तिच्या डॉक्टरांनी आधीच मान हलवली होती. तिचं बोट फिरत होतं पोंट्रेसिनाच्या दक्षिणेला. "इथे जलविभाजक आहे बघ."

होता. बेर्निना खिंडीत रुळाच्या कडेला एकमेकांजवळ दोन तळी आहेत. लेय नायर, म्हणजे काळं तळं, आणि लागो बियान्को, म्हणजे पांढरं. काळ्या तळ्याचं पाणी इन नदीतून डॅन्यूबला आणि तिथून काळ्या समुद्राला जातं. पांढऱ्याचं पो नदीमार्गे एड्रियाटिकला. महाबळेश्वरच्या पावसाचं एक पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला आणि दुसरं कृष्णेतून बंगालच्या उपसागराला, हे तिने फळ्यावर बाण काढून इतक्या वर्गांना शिकवलं होतं की हे पाहिल्याशिवाय ती परतणार नव्हती. नवऱ्याने यादीची घडी केली आणि खिशात ठेवली.

त्या खिंडीतून जाणारी बेर्निनाची रेल्वे १९१० सालापासून पूर्ण मार्गावर धावते. दातेरी पट्टीशिवाय, नुसत्या रुळांवर, २२५३ मीटर उंचीपर्यंत चढते आणि पलीकडे इटलीतल्या तिरानोला ४२९ मीटरवर उतरते. २००८ पासून हा मार्ग आणि त्याला जोडलेला आल्बुलाचा मार्ग जागतिक वारशाच्या यादीत आहे. काचेच्या छताच्या बेर्निना एक्स्प्रेसला जागा राखून ठेवावी लागते, तिचे पैसे वेगळे. पण त्याच रुळांवरून तासातासाला साधी लोकलही जाते, तिला आरक्षण लागत नाही, वाटेल तिथे उतरता येतं आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. सैल बेताला हीच गाडी बरी.

तिकिटांच्या हिशेबात एक अख्खा रविवार गेला. स्विस ट्रॅव्हल पास घेतला की गाड्या, बस, बोटी सगळं मोकळं, बहुतेक डोंगरांवर निम्मं भाडं, युंगफ्राउयोखला मात्र सवलत पावच. रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला तो परवडतो. आम्ही तर दोनच ठिकाणी बसून राहणार होतो. म्हणून महिन्याचं हाफ फेअर कार्ड घेतलं, त्याने सगळीकडे अर्धं. आणि लांबच्या प्रवासाच्या दोन दिवसांसाठी सेव्हर डे पास. हा सहा महिने आधी विक्रीला येतो, सुरुवातीला स्वस्त, तारीख जवळ येईल तसा महाग. मी ऑगस्टात काढले. एप्रिलमध्ये काढले असते तर आणखी स्वस्त पडले असते, हे नवऱ्याने दोनदा सांगितलं.

व्हिसाची तारीख मिळेना. पुण्यात नाहीच, मुंबईची मिळाली ती ११ सप्टेंबरची, बरोबर पितृपक्षात. मामाचा फोन आला, "ताई, पंधरवड्यात नको गं काही सुरू करू." आई म्हणाली, "मी मुंज नाही करत आहे रे. सरकारी काम आहे." विषय संपला.

कागद जमवताना मात्र घाम निघाला. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. शुल्क ९० युरो. आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोंचा. बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासकट, आयकराची विवरणपत्रं, माझं रजेचं पत्र, आईच्या पेन्शनचं पासबुक. पासपोर्टावर आईचं पूर्ण नाव, मधे बाबांचं. पासबुकावर नुसतं नाव-आडनाव. ही व्यक्ती एकच आहे, असं एक वाक्य मी सोबतच्या पत्रात घातलं. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. ते वाक्य टाइप करताना उगीच थांबायला झालं.

व्हिसा केंद्रात आमचे दोघांचे ठसे दोन मिनिटांत झाले. आईचे उमटेनात. काचेवर बोटं ठेवली की पडद्यावर नुसते करडे डाग. तिथली मुलगी चांगली होती. तिने ओला रुमाल दिला, बोटं पुसायला लावली, पुन्हा दाबायला सांगितलं. नाही. "आजी, खडू खूप धरलात का?" तिने सहज विचारलं असेल, पण आई खूश झाली. "छत्तीस वर्षं," म्हणाली. चौथ्या वेळेला मुलीने स्वतःच्या हाताने एकेक बोट दाबून धरलं आणि यंत्र एकदाचं वाजलं. डाव्या करंगळीपाशी पुन्हा अडलं, तेही झालं. हे ठसे पुढे ५९ महिने चालतात म्हणे. "तेवढं मी चालले पाहिजे," आई बाहेर पडताना म्हणाली.

पासपोर्ट घटांच्या चौथ्या दिवशी आले. त्या मधल्या दोन आठवड्यांत मी फोन वाजला की दचकत होते. तेव्हा आईला काय उद्योग लागला ते सांगते. तिथे प्रत्येक डोंगरावर, गावावर कॅमेरे लावलेले असतात आणि त्यांचं चित्र कुणालाही बघता येतं. मी धुक्याचा अंदाज घ्यायला बघत असे. आईला एकदा टॅबवर उघडून दिलं आणि मग ते काम तिनेच घेतलं. दुपारी बारा वाजता, म्हणजे तिथे सकाळी साडेआठला, चष्मा लावून बसायची. कालनिर्णयाच्या सप्टेंबरच्या चौकोनांत तिने बारीक अक्षरात तीन नोंदी सुरू केल्या: पों, वें, लु. ऊन असेल तर वर्तुळ, ढग असेल तर फुली. लुच्या पुढे फुल्या वाढत गेल्या. जावयाला बोलावून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण त्यानंतर लुत्सर्नचं नाव त्याच्या तोंडून आलं नाही.

खाण्याचं आधीच ठरलं होतं: दोन्हीकडे स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यायचं. एंगादीनमध्ये काही हॉटेलं एकाहून जास्त रात्री राहणाऱ्याला रोपवेही भाड्यातच देतात, तेव्हा नवरा हॉटेलकडे झुकत होता. पण एक फ्रँक म्हणजे शंभराहून जास्त रुपये, आणि तीन माणसांचं रोजचं बाहेरचं जेवण, शिवाय त्यातलं एक माणूस अंडंही न खाणारं. मेतकूट, भाजणी, पोहे, भडंग, गोडा मसाला, लहान कुकर. तूप मात्र नेता येत नाही. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत न्यायला बंदी आहे. हे आईला पटेना. "गाईंच्या देशात जायचं आणि तुपावाचून जेवायचं?" शोधलं तर तिथल्या दुकानांत ब्राटबुटर नावाने कढवलेलं लोणीच मिळतं. तिने नाव मराठीत लिहून पर्समध्ये ठेवलं.

बाकी सामानाचं फार लिहिण्यासारखं नाही. आपल्या जाड पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. रविवारी गावातली दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची उघडी. आणि गाडी बदलायला सहा-सात मिनिटं पुरतात असं ॲप सांगतं, ते गुडघे धड असलेल्यांसाठी. मी सगळीकडे मधली एक गाडी सोडून पुढची धरली होती.

६ ऑक्टोबरला दुपारी पोंट्रेसिनाला पोचलो. कूर गावापासून पुढे लाल गाडी, लांडवासरचा ६५ मीटर उंच दगडी पूल आणि त्यातून थेट कड्याच्या पोटातल्या बोगद्यात. आई खिडकीला नाक लावून. लार्च अजून पुरते पिकले नव्हते, लिंबाच्या सालीसारखे पिवळे, खाली कुठे कुठे हिरवेच. संध्याकाळी दुकानातून दूध आणि ब्राटबुटर आणलं. डबा उघडून तिने वास घेतला, बोटावर घेऊन चाखलं. "कढवायला अजून दोन मिनिटं हवी होती," असा निकाल दिला आणि भातावर दोन चमचे घेतलं. मग केशर-वेलची घालून दूध आटवलं. एक गोष्ट वहीत नव्हती: दरीत चंद्र उशिरा दिसतो. पंचांगातल्या चंद्रोदयाला काही अर्थ नाही, तो कड्यावर यायला हवा. आम्ही स्वेटर घालून गॅलरीत थांबलो. दूध दोनदा गरम केलं. साडेनवाच्या पुढे समोरच्या बर्फाची कड आधी उजळली आणि मग तो आला.

बेर्निनाचा दिवस ८ तारखेला धरला होता. सकाळी सात वाजता खिंडीचा कॅमेरा उघडला, नुसतं पांढरं. रकाना बदलला. गावात फिरलो, आईला घोडागाडीतून रोझेगच्या दरीत नेलं. ९ला कॅमेऱ्यात निळं आकाश दिसलं, तशी पंचवीस मिनिटांत आवरून स्टेशनवर. काळं तळं गाडीतूनच दिसलं, मग पांढरं सुरू झालं. दगडाच्या पिठासारखं फिकट पाणी, लांबच लांब. आईने वर्गातल्या आवाजात सांगितलं, "मागचं काळ्या समुद्राला. हे एड्रियाटिकला." पुढच्या बाकावरच्या दोन बायका वळून हसल्या. कळलं काहीच नसेल. ओस्पित्सियो बेर्निनाला उतरलो, वाऱ्यात दहा मिनिटं उभे राहिलो, पुढच्या गाडीने तिरानोला जाऊन कॉफी प्यायलो.

वेंगेनला ऊन होतं. नवरा सकाळी कॅमेरा पाहून, त्याच वेळी तिकीट काढून एकटा युंगफ्राउयोखला जाऊन आला. खूप फोटो आहेत.

१६ला पहाटे घरी पोचलो. १७ला आईने शेजारच्या सोसायटीतल्या गोठ्यावर जाऊन गाय-वासराची पूजा केली.

टॅब अजून तिच्याकडेच आहे. दिवाळीनंतर एकदा गेले तर बारा वाजता ती चष्मा लावून बसलेली. कालनिर्णयावर लु आणि वें बंद झालेत, आता एकच नोंद असते. डिसेंबरच्या पानावर एका चौकोनात, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी लिहिलंय: 'पांढरं तळं गोठलं. काळं दिसत नाही.'